मॅडम, त्या तीन दिवसांसाठी

आदरणीय मॅडम,

हे ऑफिसात तोंडावर बोलायला गेलो असतो तर तुम्ही "बरं बरं, फाईल आण" म्हणून विषय बदलला असता. म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

२२ मेच्या संध्याकाळी रावेरकडे वादळ झालं. आप्पांचा फोन आला, "भाऊ, बाग आडवी झाली." आमची केळीची मृगबाग. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी लावलेली, म्हणजे मे अखेरीस घड कापणीला आलेले. घडाच्या वजनाने खोड आधीच वाकलेलं असतं, त्यात वारा सुटला की काही उरत नाही. मी रात्रीच गाव गाठलं. इकडे जळगावला टेबलावर पार्ट्यांची, म्हणजे आपल्या ग्राहकांची, मार्च तिमाहीची टीडीएसची (पैसे देतानाच कापून घेतलेल्या कराची) १४ रिटर्न, आणि तुम्ही दिलेली तारीख २५ मे.

सकाळी बांधावर उभा राहून मेसेज लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. आधीच्या नोकरीत आईच्या ऑपरेशनसाठी दोन दिवस मागितले होते, तेव्हा "सगळं तुझ्याच घरी कसं होतं रे?" हे चारचौघांत ऐकून घेतलं होतं. ते मनातून गेलेलं नव्हतं. शेवटी "घरी अडचण आहे, दोन-तीन दिवस मिळतील का" एवढंच पाठवलं.

पाच मिनिटांत तुमचा फोन. आधी विचारलंत, "माणसं सुखरूप आहेत ना?" मग म्हणालात, "आता सांग, किती झाली, किती राहिली, आणि कुठली तारीख तू पक्की देतोस?" चिखलात रुतलेल्या घडांकडे बघत मी सांगितलं: नऊ झाली, तिघांची कर भरल्याची चलनं जुळवायची आहेत, दोन पार्ट्यांनी पॅन चुकीचे दिलेत, २८ ला सगळं देतो. तुम्ही म्हणालात, "३१ सरकारची आहे, ती हलत नाही. उशीर झाला तर पार्टीला दिवसाला २०० रुपये बसतात. २५ आपली होती, ती २८ केली. पॅनसाठी दोघांना मी फोन लावते."

त्या फोननंतर मी पहिल्यांदा चहा घेतला, मॅडम.

पंचनाम्याला तलाठी आणि कृषी सहायक आले, तेव्हा आप्पांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. वर्षभर पोसलेली खोडं ते नुसती बघत होते. सातबारा काढून देणं, पासबुकाची झेरॉक्स, सही कुठे करायची, सगळं मी बघितलं. त्या वेळी मी त्यांच्या शेजारी होतो, ते तुमच्यामुळे.

२८ ला दुपारी शेवटचं रिटर्न गेलं. पावती बघून तुम्ही एवढंच विचारलंत, "आप्पा जेवतात का नीट?"

आता वेळ मागायची झाली तर मी आधी राहिलेलं काम मोजतो, मग तोंड उघडतो. तेही तुमच्याकडूनच शिकलो.

आई म्हणते, थंडी पडली की मॅडमना शेतात भरीत खायला घेऊन ये. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, सोबत कळण्याची भाकरी. रविवार कोणता, ते तुम्ही सांगा.

तुमचा,
टीडीएसच्या टेबलावरचा