अंबाझरीच्या पाळीवर इतिहासाचा फलक हवा

मा. संपादक,
स. न.

पावसाळ्यात अंबाझरी तलाव भरला की अर्धे नागपूर ‘ओव्हरफ्लो’ बघायला निघते. भुट्टे खात, लेकरांना खांद्यावर घेऊन लोक सांडव्याशी गर्दी करतात. ही हौस राहिलीच पाहिजे. पण आपण सकाळ-संध्याकाळ ज्या पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, फिरतो ते नाग नदी अडवणारे मातीचे धरण आहे, हे तिथे येणाऱ्या मुलांना कोणीतरी सांगायला हवे.

नाग नदी वाडीजवळच्या लावा परिसरातून येते, अंबाझरीत थांबते आणि सांडव्यावरून शहरात शिरते. या तलावाचे नाते भोसल्यांच्या काळाशी सांगितले जाते. 1870 च्या दशकात त्याचे पाणी नळाने शहरात खेळू लागले. पुढे गोरेवाडा तलाव, कन्हान नदी, पेंच धरण अशी पाण्याची सोय वाढत गेली, अंबाझरीचे पाणी पिण्यातून सुटले आणि 1958 साली झालेल्या उद्यानामुळे तो सहलीचा तलाव झाला. धरणपण मात्र कुठे गेले नव्हते. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे ते सगळ्यांना कळले. काही तासांच्या पावसात सांडव्यावरून सुटलेले पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउटमधल्या घरांत शिरले. पूर ओसरल्यावर रस्त्याकडेला भिजलेल्या गाद्या, चिखलाने माखलेल्या वह्या-पुस्तकांचे ढीग पडले होते. त्या पुरात माणसेही गेली.

म्हणून महानगरपालिकेला विनंती आहे. पाळीच्या प्रवेशाशी मराठी-हिंदीत मोठा फलक लावा. त्यावर धरणाचा उभा छेद काढून दाखवा: माती कुठे, दगडी पिचिंग (उतारावरचे दगडांचे अस्तर) कुठे, सांडवा किती उंचीवर. पाळीवर मोठी झाडे का नकोत, मुळे मेली की त्यांच्या पोकळीतून पाणी कसे वाट काढते, हेही लिहा. झाडांवर जीव असणारी माझ्यासारखी माणसे ते वाचून, झाडे काढली तरी, निदान चिडणार नाहीत. पाण्याची पातळी दाखवणारी मोजपट्टी फिरणाऱ्यांना सहज वाचता येईल अशी हवी. शाळांच्या सहली तिथेच थांबाव्यात.

आणि ओव्हरफ्लो पाहण्यासाठी सांडव्यापासून सुरक्षित अंतरावर पक्का, कठड्याचा ओटा बांधा. शेवाळलेल्या दगडांवर तरुण पोरे मोबाईल घेऊन उतरतात. नुसत्या शिट्ट्या फुंकून ती हटत नाहीत. हे काम मृगाच्या आधी व्हावे.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर