नळी आधी, विंच नंतर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डोंगरात हेलिकॉप्टरने केलेल्या सुटकेच्या बातमीत विंचच्या, म्हणजे दोर वर ओढणाऱ्या यंत्राच्या, दोराला लटकलेले स्ट्रेचर आणि ‘अमुक मिनिटांत रुग्णालयात’ हे वाक्य ठरलेले असते. मी भूलतज्ज्ञ आहे. फोटो पाहिला की माझी नजर आधी जखमीच्या तोंडाकडे जाते. श्वासनलिकेत नळी घातली आहे का? असेल, तर ती कुठे घातली?

जखमी किती शुद्धीत आहे हे मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलवर गुण 8 किंवा त्याहून कमी आले की नळी घाला, हे आम्ही विद्यार्थिदशेत पाठ करतो. पण ते कमरेइतक्या उंच टेबलापाशी, घशातले स्राव ओढून घेणारे सक्शन यंत्र हाताशी असताना. उतारावर गुडघे टेकून बसल्यावर गोष्ट वेगळी. बर्फावरच्या उन्हात व्हिडिओ लॅरिंगोस्कोपचा, म्हणजे नळी घालताना घसा दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचा, पडदा दिसत नाही, थंडीने नळी कडक होते, बॅटरी मान टाकते. नळी घालण्यासाठी भूल देऊन स्नायू सैल केले की रुग्णाचा स्वतःचा श्वास थांबतो. 3000 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे 70 टक्केच, त्यामुळे पहिला प्रयत्न फसला तर दुसऱ्याला फार वेळ मिळत नाही.

नळी बसली तरी सुटलो असे नाही. विंचवर एक हिसका बसला, मान वळली, तरी ती सरकते. पात्यांच्या गोंगाटात स्टेथोस्कोप म्हणजे निव्वळ गळ्यातला दागिना! गार पडलेल्या बोटावर पल्स ऑक्सिमीटरही धड चालत नाही. खरा आधार कॅप्नोग्राफचा, म्हणजे प्रत्येक उच्छ्वासाबरोबर उमटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या आलेखाचा. रुग्णाला हलवले की तो पाहायचा. रेघ सपाट झाली तर यंत्राला दोष देण्याआधी नळी तपासायची. शिवाय हेलिकॉप्टर वर चढते तशी नळीच्या कफातली (नळी जागेवर धरणाऱ्या, तिच्याभोवतीच्या फुग्यातली) हवा प्रसरण पावते आणि श्वासनलिकेच्या अस्तरावर दाब येतो. तोही मोजत राहावा लागतो.

म्हणून नळी घालायचीच असेल तर शक्यतो जमिनीवरच घालावी. लहान केबिनमध्ये रुग्णाच्या डोक्यामागे जायलाही जागा नसते. जबडा पुढे ओढून, ऑक्सिजन देऊन श्वास नीट चालत असेल आणि उड्डाण थोडक्याचे असेल, तर नळी न घालण्यात कमीपणा नाही. उलट त्यालाच जास्त अनुभव लागतो, असे माझे मत.

पुढच्या अशा बातमीत किती मिनिटे लागली ते जरूर छापा. सोबत आपल्या वार्ताहराला एवढे विचारायला सांगाल का, की आत कॅप्नोग्राफ होता का?

आपला,
एक भूलतज्ज्ञ वाचक