बेरीचा रंग, डब्यावरचे आकडे आणि आपली जांभळं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बेरीवर्गीय फळांवर लेख आला होता. फळं खा, हा त्यातला सल्ला उत्तमच. खटकली ती सोबतची चौकट. कुठल्या बेरीत किती 'अँटिऑक्सिडंट युनिट', म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू निकामी करण्याची ताकद किती, याची उतरंड तिच्यात दिली होती. नौपाड्यात माझं औषधांचं दुकान आहे. त्या चौकटीचं कात्रण घेऊन गिऱ्हाइकं येतात, बेरी-अर्काच्या डब्यांवरचे आकडे त्याच्याशी ताडून बघतात आणि ज्याचा आकडा मोठा तो डबा उचलतात. डबे मीच विकतो, तेव्हा हे पत्र म्हणजे गल्ल्यावर धोंडाच आहे.

हे आकडे प्रयोगशाळेतल्या नळीत काढलेले असतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने असाच एक मोठा तक्ता संकेतस्थळावर ठेवला होता. 2012 साली तो त्यांनी स्वतःच काढून टाकला. नळीतल्या आकड्याचा शरीरातल्या परिणामाशी मेळ बसत नाही आणि पूरक आहाराच्या कंपन्या तो जाहिरातीत सर्रास वापरतात, अशी त्यांनी दिलेली कारणं होती. आपल्याकडे मात्र तीच तऱ्हा अजून चालू आहे.

बेरींचे हे आकडे बरेचसे त्यांच्या रंगावर उभे असतात आणि मुळात हा रंग पोटात गेल्यावर रंग म्हणून फारसा उरतच नाही. बेरीचा लाल-जांभळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा. आम्लात ती लाल राहतात, आम्लता उतरली की निळी पडतात आणि मग तुटू लागतात. जांभळाच्या डागाला साबण लावल्यावर तो निळसर होतो, तो याच गुणामुळे. जठरात आम्ल असतं म्हणून तिथे ती तग धरतात, पुढे आतड्यात मोडायला लागतात. उरलेलं काम मोठ्या आतड्यातले जीवाणू करतात आणि त्या तुकड्यांवर यकृत आणखी प्रक्रिया करतं. 2013 साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी सायनिडिन जातीच्या रंगद्रव्यातल्या कार्बनला खूण करून त्याचे 500 मिलिग्रॅम आठ पुरुषांना दिले आणि दोन दिवस त्याचा माग काढला. खुणेच्या कार्बनपैकी साधारण 12 टक्के लघवीतून आणि श्वासातून मिळाला. रक्तात मूळ रंगद्रव्य अगदी नाममात्र आणि थोडाच वेळ दिसलं. त्याच्या तुकड्यांचं प्रमाण जवळपास 40 पट होतं आणि ते कितीतरी जास्त वेळ टिकले. प्रोटोकॅटेच्युइक आम्ल, व्हॅनिलिक आम्ल, हिप्प्युरिक आम्ल ही त्यातली काही नावं. डब्यावर यातलं एकही छापलेलं नसतं.

हे तुकडेही रक्तातले 'फ्री रॅडिकल्स', म्हणजे तेच अस्थिर रेणू, टिपत फिरतात असं समजू नये. त्या कामाला रक्तात युरिक आम्ल कित्येक पटींनी जास्त असतं आणि ते फुकट मिळतं. या तुकड्यांचा प्रभाव असलाच तर तो रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला मिळणाऱ्या इशाऱ्यांतून पडत असावा, असं आता मानलं जातं. त्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड हा वायू नीट तयार झाला की वाहिनी सैलावते. प्रत्येकाच्या आतड्यातली जीवाणूंची वस्ती वेगळी, त्यामुळे एकाच डबीतून दोघांच्या रक्तात सारखंच काही पोहोचेल याची खात्री नाही.

माणसांवरच्या चाचण्यांत काय दिसलं, तेही अर्धवट सांगितलं जातं. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत मेटाबोलिक सिंड्रोम (पोटाची चरबी, रक्तदाब, साखर वगैरे एकत्र वाढलेली अवस्था) असलेल्या 115 प्रौढांचा समावेश होता. काहींना सहा महिने रोज 150 ग्रॅम ब्लूबेरींच्या बरोबरीची भुकटी दिली. त्यांच्या रक्तवाहिन्यांची लवचिकता सुधारली, आणि त्यांच्यापैकी स्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी न घेणाऱ्यांत एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉलही, थोडं वाढलं. निम्म्या मात्रेने वाहिन्यांना हा फायदा झाला नाही. आणि ज्यासाठी मुख्यतः चाचणी केली, त्या इन्शुलिन-प्रतिरोधात (शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही, त्यात) पूर्ण मात्रेनेही फरक पडला नाही. चाचणीला अमेरिकी ब्लूबेरी उत्पादकांच्या मंडळाचे पैसे होते. त्याने निष्कर्ष खोटे ठरत नाहीत, पण वाचकाला ठाऊक असावं. आता हिशेब करा. आपल्याकडे ब्लूबेरीची डबी मिळते ती बहुधा 125 ग्रॅमची. म्हणजे रोज एकीहून अधिक, तीही सहा महिने. वाशीच्या फळबाजारातून घाऊक आणली तरी ठाण्यातल्या किती घरांना हे जमेल?

ब्लूबेरीतली डेल्फिनिडिन, पेट्युनिडिन, माल्व्हिडिन ही रंगद्रव्य-घराणी आपल्या जांभळातही आहेत. कोकमात आणि करवंदात सायनिडिन. पावसाच्या तोंडाशी बदलापूरची नि बहाडोलीची जांभळं येतात, त्याआधी ठाणे स्टेशनबाहेर येऊरकडच्या बायका करवंदं घेऊन बसलेल्या असतात. पुरवणीतल्या अख्ख्या पानात त्यांचा उल्लेख नव्हता, याचं नवल वाटलं. अर्थात ब्लूबेरीवर जे दिसलं ते जांभळाच्या खात्यावर आपोआप जमा होत नाही. कोकम सरबताच्या बाटलीत साखर किती आणि वर्षभरात तपकिरी पडलेल्या आगळात (कोकमाच्या खारवलेल्या रसात) रंग किती उरला, हेही बघायला हवं. पण हंगामात मूठभर ताजी जांभळं खायला कोणाच्या चाचणीची वाट बघावी लागत नाही.

मला खरी धास्ती वाटते ती मधुमेहींची. 'जांभळाने साखर जाते' म्हणून बियांची पूड सुरू करायची आणि डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करायची, हे काउंटरवर नेहमी ऐकू येतं. पूड घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या आणि गोळी चालू ठेवा. पूरक आहाराच्या डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापणं नियमाने बंधनकारक आहे. ते सहसा मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरात असतं.

तेव्हा विनंती एवढीच की अशा लेखांतून नळीतल्या आकड्यांची चौकट काढून टाकावी. तिच्या जागी प्रयोग किती माणसांवर झाला, मात्रा किती होती, पैसे कोणाचे होते आणि कशात फरक पडला नाही, हे चार ओळींत छापावं.

आपला,
एक औषधविक्रेता, नौपाडा, ठाणे (प.)