शाई शत्रूची, अक्षर पार्करचं

चि. मुग्धास अनेक आशीर्वाद.

बफलोच्या फॉरेस्ट लॉन दफनभूमीतला ईली पार्करच्या, म्हणजे उत्तरेच्या सैन्यातल्या त्या मूळनिवासी अधिकाऱ्याच्या, थडग्याचा फोटो मिळाला. खाली तू त्याचं ते प्रसिद्ध उत्तरही लिहिलंस. अमेरिकेच्या यादवी युद्धात हरलेला दक्षिणेचा सेनापती जनरल ली त्याला म्हणाला, इथे एक तरी खरा अमेरिकन दिसतोय, बरं वाटलं. आणि हा म्हणाला, आपण सगळेच अमेरिकन आहोत. उत्तर झकासच आहे. पण मी पडलो कोर्टाच्या नक्कल विभागात हयात घालवलेला माणूस. मला त्याच खोलीतली दुसरी गोष्ट जास्त भावते.

९ एप्रिल १८६५. व्हर्जिनियातलं अ‍ॅपोमॅटॉक्स, मॅक्लीन नावाच्या गृहस्थाची बैठकीची खोली. उत्तरेचा सेनापती ग्रँट याने शरणागतीच्या अटी पेन्सिलीने लिहिल्या. आता शाईने स्वच्छ प्रत करायची. ते काम आधी बाउअर्स या अधिकाऱ्याकडे आलं, पण तो इतका बावरला की त्याने ते पार्करच्या गळ्यात घातलं, कारण अक्षर पार्करचं चांगलं. मॅक्लीनच्या दौतीतली शाई पार डांबर झालेली. शेवटी लीचा सहायक मार्शल याने आपली छोटी लाकडी दौत पुढे केली. म्हणजे प्रत विजेत्यांची, अक्षर सेनेका जमातीच्या माणसाचं आणि शाई हरलेल्यांची! आमच्याकडे एक काना सुटला तरी साहेब कागद तोंडावर मारायचे. समोर साक्षात ली बसलेला असताना या माणसाचा हात कसा चालला असेल, याचं मला खरंच कौतुक वाटतं.

तू तिथे एलएलएम करतेस म्हणून पुढचं सांगतो. पार्कर १८२८ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या टोनावांडा या मूळनिवासींच्या राखीव क्षेत्रातला. आधी वकिलीच शिकला. पण सनद मिळेना. तू नागरिक नाहीस, म्हणाले. ज्यांच्या जमिनीवर कोर्ट उभं, तोच परका! मग गड्याने कालव्यांच्या कामावर इंजिनिअरिंग आत्मसात केलं आणि सरकारी इमारती बांधायला इलिनॉयमधल्या गलीना गावी गेला. तिथे घरच्या चामड्याच्या दुकानात कारकुनी करणाऱ्या ग्रँटशी त्याची मैत्री जमली. सनद नसली तरी कायदा वाया गेला नाही. जमिनीच्या एका कंपनीच्या घशात चाललेलं टोनावांडा वाचवायला जमातीचा प्रतिनिधी म्हणून तो वर्षानुवर्षं वॉशिंग्टनच्या खेपा घालत होता. १८५७ च्या तहाने सुमारे साडेसात हजार एकर परत मिळाले, तेही स्वतःचीच जमीन पैसे मोजून विकत घेऊन.

युद्ध पेटल्यावर हा लढायला तयार, तर परराष्ट्रमंत्री सीवर्ड यांनी सुनावलं की हे गोऱ्यांचं भांडण आहे, तुमच्या मदतीवाचून मिटवू, तुम्ही घरी जाऊन शेती बघा. १८६३ मध्ये कॅप्टनचा हुद्दा मिळाला तो ओळखीच्या सेनाधिकाऱ्यांनी शब्द टाकला म्हणून. वशिलाच की! पण व्हिक्सबर्गला सैन्याचा इंजिनिअर म्हणून राबला आणि १८६४ मध्ये ग्रँटचा लष्करी सचिव झाला.

आता मला खुपणारी गोष्ट. ग्रँट राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १८६९ मध्ये पार्कर इंडियन, म्हणजे मूळनिवासींच्या, खात्याचा आयुक्त झाला. त्या खुर्चीवर बसलेला पहिला मूळनिवासी. आणि त्याच वर्षीच्या अहवालात त्याने लिहिलं की जमातींशी तह करणं बंद करा, त्या काही सार्वभौम राष्ट्रं नाहीत. १८७१ मध्ये संसदेने तहांची पद्धत बंद केलीसुद्धा. ज्याच्या गावची जमीन तहामुळे राहिली, त्याने हे लिहावं? काही म्हणतात, तह पाळायचेच नसतात तर फसवं नाटक तरी थांबेल, असा त्याचा हिशेब होता. मला तो पटत नाही. मोडलेला तहसुद्धा कोर्टात दाखवायला कागद म्हणून उपयोगी पडतो. सरकारदरबारी बसलं की माणूस सरकारच्या भाषेत लिहायला लागतो, एवढंच मला दिसतं.

१८७०-७१ च्या सुमारास त्याच्यावर खरेदीत गैरव्यवहार केल्याचे आरोप झाले. संसदीय चौकशीत लबाडी सिद्ध झाली नाही, पण अधिकार इतके छाटले की त्याने राजीनामा दिला. पुढे शेअर बाजारात कमावलं, गमावलं, आणि न्यूयॉर्कच्या पोलीस खात्यात कारकुनी केली. १८९५ मध्ये गेला तेव्हा कनेक्टिकटमध्ये पुरलं होतं. दोन वर्षांनी बफलोला आणलं.

तहांचं तुला काय वाटतं ते सविस्तर लिही. तुझे प्राध्यापक काय म्हणतात ते नको, तुझं मत हवं. आईने भाजणीचं पार्सल टाकलंय, पोचलं की कळव.

तुझा,
बाबा