मंद्या, आधी फेस्टोस बघ

पुणे, रविवार रात्र

प्रिय मंद्या,

चार महिने तुझ्या पत्राला उत्तर नाही, तेव्हा तुझा राग रास्तच आहे. माझं बीपी ताब्यात, आईचा गुडघा जैसे थे. पण तुझा ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या सहलीचा कार्यक्रम वाचला आणि गप्प बसवेना.

जुलै 2025 मध्ये पॅरिसच्या एकाच बैठकीत दोन्ही गोष्टी जागतिक वारशाच्या यादीत गेल्या: आपल्या बारा किल्ल्यांत रायगड, आणि क्रीटची सहा मिनोअन, म्हणजे तिथल्या प्राचीन संस्कृतीच्या, राजवाड्यांची ठिकाणं. लगेच रायगडावर राणीवशाच्या उरलेल्या जोत्यावरून झालेलं आपलं भांडण आठवलं. तू म्हणत होतास, खांब उभे करा, पोरांना वाडा दिसू दे. मी म्हणत होतो, एका चिऱ्याला हात लावू नका. त्या सहांतल्या क्नोसॉसच्या राजवाड्यात तुझं म्हणणं काँक्रीटमध्ये उभं आहे रे! काळजी एवढीच की तू फक्त तेच बघून परत येशील.

आर्थर इव्हान्स या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने तिथे 1900 साली खणायला घेतलं. मूळ खांब लाकडाचे, वर रुंद आणि खाली निमुळते, ते कधीच नष्ट झालेले. त्याने त्या जागी काँक्रीटचे खांब ओतून लाल रंगवले, वर मजले चढवले. तू पाठवलास तो 'लिलीचा राजकुमार' या भित्तिचित्राचा फोटोही नकलेचाच. मूळ चित्र इराक्लिओन या जवळच्या शहरातल्या संग्रहालयात आहे. तिथे जवळ जाऊन तिरप्या नजरेने बघ, जुन्या तुकड्यांच्या कडा कळतात. मुकुट, छाती आणि पायाचा भाग एवढंच जुनं, चेहरा पूर्ण नवा. ते तुकडे एकाच माणसाचे का, यावरही अभ्यासकांचं एकमत नाही.

म्हणून क्रम उलटा कर. पहिल्या दिवशी फेस्टोस, तसाच दुसरा राजवाडा, इराक्लिओनहून दक्षिणेला सुमारे 60 किलोमीटर. इटालियन लोकांनी ते खणलं आणि बहुतेक सापडलं तसंच ठेवलं. रुंद पायऱ्या, फरसबंद चौक, समोर 2456 मीटरचा प्सिलोरितिस डोंगर. तिथे वाडा डोक्यात उभा करावा लागतो. दुसऱ्या दिवशी संग्रहालय. 1908 मध्ये फेस्टोसलाच सापडलेली, अजून न वाचता आलेली मातीची चकती तिथेच आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी 8 ला क्नोसॉस, शहराबाहेर 5 किलोमीटर. सावली फार कमी, दगड घासून गुळगुळीत, काकूंना चप्पल नको, बूटच हवेत.

आणि शाकाहारी काकूंच्या जेवणाचं. 'निस्तीसिमो' म्हणजे तिकडचं उपवासाचं. त्यात मांस, मासे, अंडी, दूध नसतं, पण ऑक्टोपस आणि कोळंबी चालते! म्हणून पुढे 'खोरिस थालासिना', म्हणजे समुद्रातलं काही नको, हेही सांगायचं. भरलेले टोमॅटो, ते गेमिस्ता, कुठे नुसत्या भाताचे, कुठे खिम्याचे. 'मे किमा?' एवढं विचार, तो आपलाच खिमा. तेलात शिजवलेल्या भाज्या कोमटच येतात, परत पाठवू नकोस.

डाकोस मात्र चुकवू नका. दोनदा भाजलेला बार्लीचा पाव, आपल्या सोलापुरी कडक भाकरीसारखा. घरी करताना नळाखाली चार-पाच सेकंदच धर. जास्त भिजला तर लगदा, कोरडा राहिला तर काकूंची कवळी धोक्यात. एक मोठा टोमॅटो किसून त्यावर घाल आणि पाच मिनिटं थांब, रस आत मुरू दे. मग मूठभर मिझिथ्रा चीज, दोन चमचे ऑलिव्हचं तेल, चिमूटभर ओरेगॅनो. मीठ चव बघून शेवटी, चीजलाच असतं. फेटा घातलास तर आंबट-खारट चव वरचढ होते आणि टोमॅटो मागे पडतो.

सईची दहावी कशी गेली? नव्या साहेबाशी जमतंय ना? घराच्या हप्त्याचं पुढच्या पत्रात लिही.

येताना त्या पावाची दोन पाकिटं आण, महिनोन्महिने टिकतात. आणि फेस्टोसच्या पायऱ्यांवर बसून मला लिही, तुझं रायगडाबद्दलचं मत तेच आहे का.

तुझाच,
श्री