बाबा "गरम, गरम" म्हणत होते, ते फक्त तुम्हाला कळलं

दादा, नमस्कार.

नाव टाकू नका असं तुम्ही सांगितलंत म्हणून टाकत नाहीये, पण पत्र मात्र सगळ्यांसमोरच लिहिणार. तुम्ही आमच्या सोलरच्या बॅटऱ्या बघायला येऊन गेलात त्याला आज बावीस दिवस झाले आणि अजून ती दुपार आठवली की गळा भरून येतो. फोनवर थँक्यू म्हटलं, तुम्ही "अहो त्यात काय" म्हणून ठेवून दिलात. त्यात काय होतं ते सांगायचंय.

वाचणाऱ्यांसाठी थोडं आधीचं. आमचं गाव दापोली तालुक्यात, आईबाबा तिथे, मी नोकरीला पुण्यात. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमची पोफळीची बाग झोपली, गावातले विजेचे खांब आडवे झाले आणि घरात महिन्याच्या वर लाइट नव्हती. पुढच्या वर्षी मे महिन्यात परत तौक्ते. तेव्हाच ठरवलं की सोलर बसवायचं आणि तेही बॅटरीवालं. नेटमीटरवालं घ्या, म्हणजे बॅटरी नाही, उरलेली वीज लाइनवर द्यायची, स्वस्त पडतं असं सगळे सांगत होते, पण लाइट गेली की ते पण बंद पडतं, लाइनवर चढलेल्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. आम्हाला तर लाइट गेल्यावरच हवं होतं. मग दोन किलोवॅटचे पॅनेल, हायब्रिड इन्व्हर्टर (पॅनेल, बॅटरी आणि लाइन तिन्ही सांभाळणारा) आणि दीडशे एएचच्या (ॲम्पिअर-अवरच्या) चार ट्युब्युलर, म्हणजे पाणी घालायच्या मोठ्या बॅटऱ्या, एकीला एक जोडून 48 व्होल्ट. पडवीत ट्रॉलीवर.

मागच्या वर्षी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. म्हणजे डोक्यात सगळं लख्ख आहे पण शब्द येत नाही, एखादा येतो तो पण अर्धा. रात्री ते एअर बेडवर असतात. त्याला छोटा पंप असतो, तो आळीपाळीने हवा भरतो म्हणून पाठीला जखमा होत नाहीत. पंप बंद पडला की गादी हळूहळू बसते. मग आईने दर दोन तासांनी उठून त्यांना कुशीवर वळवायचं. आईचं वय एकाहत्तर.

तर या जूनपासून बॅटऱ्या भरेनाशा झाल्या. म्हणजे डिस्प्लेवर सगळं ठीक, सकाळी ऊन आलं की तासा-दीड तासात "फुल", पण रात्री लाइट गेली की फ्रीज चालू व्हायचा अवकाश, इन्व्हर्टर ओरडायला लागायचा आणि लो बॅटरी दाखवून बंद. पहिल्यांदा वाटलं पाऊस आहे, ऊन नाही. पण ऊन पडलं त्या दिवशीही तेच.

ज्यांनी बसवलं त्यांना मी सतरा वेळा फोन केला, मोजून सांगतोय, कॉल लॉग आहे. "सर ॲपमध्ये फुल दाखवतंय म्हणजे फुल आहे." "सर लोड जास्त असेल." आईला तर सरळ म्हणाले, "काकू तुम्हाला नाही कळणार, मुलाला फोन करायला सांगा." त्या घरात रात्रभर जागणारी बाई ती, आणि तिला कळणार नाही. मग दुसरा एक जण आला, पॅनेल मळलेत म्हणाला, धुतले, पंधराशे घेतले आणि गेला. भर पावसाळ्यात पॅनेल मळलेत! तिसऱ्याने निदान झाकणं उघडून ग्रॅव्हिटी (आतल्या ॲसिडची घनता, त्यावरून बॅटरी किती भरलीय ते कळतं) तरी बघितली, सगळीकडे अकराशे साठ-सत्तरच्या आसपास, म्हणजे खूप कमी आली, आणि उभ्या उभ्या निकाल दिला, चारही बॅटऱ्या गेल्या, कोकणातल्या हवेत तीन वर्षंच टिकतात, 64 हजार द्या, उद्या नवीन आणून टाकतो. वॉरंटीचं विचारलं तर म्हणे कार्ड भरलेलं नाही. कार्ड भरायचं काम कोणाचं होतं?

मला पैशाचा राग नाहीये दादा. राग याचा आहे की तिघांपैकी एकही माणूस दहा मिनिटांच्या वर त्या पडवीत थांबला नाही.

आणि आता जे लिहिणार आहे ते मला लिहायला जड जातंय. बाबा दिवसा पडवीतल्या खुर्चीत बसतात, ट्रॉलीला लागूनच. तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन होते ते, बसच्या बॅटऱ्यांमध्येच आयुष्य गेलं. जुलैपासून ते "गरम... गरम" म्हणायचे. आम्ही पंख्याचा स्पीड वाढवायचो. ते मान हलवून नाही म्हणायचे आणि परत "गरम", मग आई अंगातली बनियन काढून ओल्या फडक्याने पुसायची. डाव्या हाताने बोटं दाखवायचे, आधी दोन, मग तीन. दोन, तीन. आम्हाला वाटायचं गोळ्यांचं विचारतायत. गणपतीत मी घरी होतो तेव्हा मला पण दाखवलं, मी म्हटलं, "हो बाबा, दोन झाल्या, तीन वाजता देतो." त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोप आली.

तुम्ही आलात तो नवरात्रातला दिवस, लख्ख ऊन पडलेलं. खेडहून बाइकवर, पाठीला सॅक. मी सुट्टी टाकून आलो होतो कारण आता 64 हजार भरायचेच असं धरून चाललो होतो, फक्त एका ओळखीच्याने सांगितलं की आधी यांना एकदा दाखव. तुम्ही पाणी प्यायलात आणि माझ्याशी नाही, आईशी बोलायला लागलात. कधीपासून, किती वेळ टिकतं, काय चालू केल्यावर बंद पडतं. आणि विचारलंत, "काकू, ऊन नसताना लाइटवर चार्जिंगला लागतं ना हे, तेव्हा तरी भरतात का?" आई म्हणाली नाही, तेव्हाही तसंच. "मग पॅनेलचा काही दोष नाही," तुम्ही म्हणालात. एका प्रश्नात. पंधराशे रुपये मला तिथेच आठवले. मग ग्रॅव्हिटी बघून म्हणालात, "चारही सारख्याच खाली आहेत. मरतात तेव्हा अशा हातात हात घालून नाही मरत, एखादीचा एखादा सेल आधी जातो. या मेलेल्या नाहीत, उपाशी आहेत." हे वाक्य आईने पाठ केलंय, येईल त्याला सांगते.

तेवढ्यात बाबा म्हणाले, "ग... गरम." मी सवयीने उठलो पंखा वाढवायला. तुम्ही मला हाताने थांबवलंत आणि तसेच बाबांच्या खुर्चीजवळ खाली बसलात, फरशीवर, मांडी घालून. "काय गरम आहे काका?" आणि मग तुम्ही काहीच बोलला नाहीत. मला वाटतं दोनएक मिनिटं गेली असतील. त्यांच्या तोंडून शब्द निघत नव्हता, मान थरथरत होती, मी मध्ये बोलणार होतो, आम्ही सगळेच नेहमी मध्ये बोलतो, त्यांचं वाक्य आम्हीच पूर्ण करून टाकतो. तुम्ही नुसते बघत बसलात त्यांच्याकडे, घाई नाही, चेहऱ्यावर कीव नाही. बाबांनी डावा हात उचलला, दोन बोटं, मग तीन, आणि तो हात तसाच ट्रॉलीकडे नेला.

तुम्ही दुसऱ्या आणि तिसऱ्या बॅटरीला जोडणाऱ्या वायरवर हात ठेवलात आणि पटकन काढलात. "काका, चटका बसतोय हो."

बाबा रडले दादा. तुमचं लक्ष होतं की नाही माहीत नाही, तुम्ही मीटर काढत होतात.

पुढचं जे केलंत ते मी कधी विसरणार नाही. मीटर तुम्ही स्वतःकडे तोंड करून धरला नाहीत. बाबांकडे फिरवलात. एकेका बॅटरीला पिना लावायच्या आणि विचारायचं, "किती काका?" आणि थांबायचं. बाबा एकेक आकडा सांगायचे, अडखळत, तुम्ही खडूने त्या त्या बॅटरीवर लिहायचात. 13.9, 14.0, 13.9, 14.0. बेरीज 55.8. आणि इन्व्हर्टर दाखवत होता 57.6. "काका, मधले हे एक पूर्णांक आठ गेले कुठे?" बाबांनी परत दोन आणि तीन. तुम्ही पिना त्या वायरच्या दोन टोकांना लावल्यात, मीटरवर एक पूर्णांक आठ. वर्कशॉपमध्ये दोन मेकॅनिक कामाला बसतात तसं दिसत होतं ते. झटका आल्यापासून बाबांना कोणी काही विचारलंच नव्हतं, म्हणजे जेवलात का, दुखतंय का हे विचारतो आम्ही, पण त्यांना माहीत असलेलं असं काही कोणी विचारलं नव्हतं.

वायर काढून वरचं काळं स्लीव्ह चिरलंत तेव्हा आत लगपाशी, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीपाशी, तांब्याचा हिरवा-काळा भुगा झालेला. बाहेरून नट घट्ट, सगळं चकाचक. मला तुम्ही समजावलंत ते असं, की इन्व्हर्टर फक्त आपल्या टोकाला किती व्होल्ट आहेत तेवढं बघतो, मधे वाटेत अडलं तर त्याला वाटतं टाकी भरली आणि तो नळ बारीक करतो, टाकी मात्र अर्धीच. आणि रात्री उलटं, बॅटरीत असतं पण फ्रीजने जोरात ओढलं की त्या खराब जोडापाशी व्होल्टेज पडतं आणि इन्व्हर्टरला वाटतं संपली. खारी हवा आणि बसवताना नीट न दाबलेला लग, एवढंच कारण. ॲपवर खरंच फुल दिसत होतं. फक्त पडवीत येऊन कोणी वायरला हात लावला नव्हता, बाबा सोडून.

नवीन वायर, दाबलेले लग, बाकीचेही जोड घासून वर पेट्रोलियम जेली. साडेचारशे रुपये. मी हजार पुढे केले तर म्हणालात, "फॉल्ट काकांनी शोधला, माझी फक्त वायर आणि पेट्रोल."

मी पुण्यात रोज मोठमोठ्या शिकलेल्या लोकांमध्ये वावरतो, मीटिंगमध्ये सगळे बोलतात, ऐकून घेणारा शोधावा लागतो. हुशारी भरपूर आहे आपल्याकडे, सर्टिफिकेटं पण आहेत, पण समोरच्या म्हाताऱ्या माणसाला त्याच्या वेगाने बोलू देणं हे ज्याला जमतं तो माझ्या लेखी खूप मोठा. आई त्या रात्री म्हणाली, "त्या माणसाने ह्यांचं ऐकून घेतलंन रे. आपण नाही घेतलं." मी काही बोललो नाही. बाबांची माफी मी दुसऱ्या दिवशी सकाळी मागितली, त्यांनी डाव्या हाताने माझा कान धरला, लहानपणी धरायचे तसा.

आता इथली खबर. तुम्ही सांगितल्याप्रमाणे बॅटऱ्या सावकाश पूर्ण भरू दिल्या, मधे एकदा इक्वलायझेशन (सगळे सेल सारखे भरावेत म्हणून मुद्दाम जरा जास्त चार्जिंग) पण केलं, ग्रॅव्हिटी तीन बॅटऱ्यांची बाराशे तीसच्या वर आलीय, पहिली थोडी मागे आहे, बाराशे दहा. मी एक साधा मीटर घेऊन दिलाय. रोज अकरा वाजता आई पिना लावते आणि बाबा आकडे वाचतात, आई कॅलेंडरवर लिहून ठेवते. पहिल्या आठवड्यात एक आकडा बोलायला खूप वेळ लागायचा. परवा "तेरा पूर्णांक सहा" एका दमात म्हणाले. आणि अजूनही रोज, मीटर बघून झाला तरी, दोन-तीनच्या वायरवर हात ठेवून बघतात. गार असते.

मंगळवारी रात्री नऊला लाइट गेली ती पहाटे साडेपाचला आली. पंप रात्रभर चालू होता. आईने सकाळी फोन करून सांगितलं की ती सलग झोपली, आणि मग ती फोनवर बराच वेळ काही बोललीच नाही.

दिवाळीत मी चार दिवस घरी आहे. आईने तुमच्यासाठी आमसुलं आणि कुळथाचं पीठ बांधून ठेवलंय, बाबा रोज दाराकडे हात करून "तो?" विचारतात. बॅटरीचं काही काम नाहीये. सॅक आणू नका, घरच्यांना घेऊन या, जेवायलाच या.

तुमचा,
पडवीतल्या काकांचा मुलगा