वाहत्या पाण्याची ओळख पावसाळ्याआधी व्हावी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

खडकवासल्यातून मुठेत किती क्युसेक पाणी सोडले, ही बातमी पावसाळ्यात पुणेकर रोज वाचतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, त्यामुळे दहा हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला पावणेतीन लाख लिटरहून अधिक पाणी. पण हा आकडा वाचून नदीत उभ्या माणसाच्या पायांवर केवढा रेटा येतो, याचा अंदाज बहुतेकांना येत नाही. पावसाळी सहलींना जाणाऱ्यांच्या सुरक्षिततेचा विचार करताना हीच उणीव सर्वांत मोठी आहे, असे माझे मत आहे.

ते मत पक्के झाले ते हिमाचल प्रदेशातील तीर्थन नदीवर. मागील मे महिन्यात मी आणि माझे पती तेथे गळाने मासेमारी शिकायला गेलो होतो. कुलू भागातील नद्यांत १९०९ च्या सुमारास इंग्रजांनी ट्राउट मासा आणून सोडला; त्याला थंड, खळाळते पाणी लागते आणि तो पकडण्यासाठी मत्स्य विभागाचा परवाना घ्यावा लागतो. आमची अपेक्षा अशी होती की पहिला धडा गळ टाकण्याचा असेल. प्रत्यक्षात शिकवणाऱ्या स्थानिक गृहस्थांनी बराच वेळ आम्हाला काठावरच बसवून फक्त पाणी बघायला लावले. मोठ्या दगडाच्या खालच्या अंगाला, म्हणजे प्रवाह जातो त्या बाजूला, पाणी संथ होते, तेथे ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून थांबतो आणि वाहून येणारे किडे टिपतो. धार कोठे फुटते, खोली कोठे लपलेली आहे, वरून गुळगुळीत दिसणारे पाणी तळाशी किती वेगाने ओढते, हे ओळखता आल्याशिवाय मासा सापडत नाही आणि माणसाला सुरक्षितपणे उभेही राहता येत नाही.

पाण्यात उतरण्याचे नियमही त्यांनी तितक्याच काटेकोरपणे शिकवले. गुडघ्यापेक्षा खोल जायचे नाही. हातातली काठी वरच्या अंगाला, म्हणजे प्रवाह येतो त्या बाजूला, तळावर टेकवून तिसरा पाय करायचा. पाऊल उचलून न टाकता तळावरून सरकवायचे. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, म्हणून काल जेथे उभे राहता आले तेथे आज राहता येईलच असे नाही. दोघांपैकी एकाने गळ टाकायचा आणि दुसऱ्याने वरच्या अंगाला नजर ठेवायची, हा नियम मला सर्वांत मोलाचा वाटला. काठावरचा एक दगड त्यांनी खुणेसाठी ठरवून दिला होता. दुपारी बर्फ वितळून नदी वाढते, त्यामुळे तो दगड भिजू लागला, पाणी गढुळले किंवा काटक्या-पाने वाहून येऊ लागली, की मासा गळाला लागलेला असला तरी बाहेर यायचे. पाय निसटून वाहून गेल्यास उभे राहण्याची धडपड न करता, उताणे होऊन पाय प्रवाहाच्या दिशेला ठेवायचे, कारण दगडांच्या फटीत पाऊल अडकले की पाणी माणसाला खाली दाबते.

याच तीर्थनचे पाणी लारजी येथे बियास नदीला मिळते. ८ जून २०१४ रोजी तेथून खाली थलौटजवळ, लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. आपल्याकडे ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या ओढ्यात हडपसरच्या एकाच कुटुंबातील पाच जणांचा अंत झाला. दोन्ही ठिकाणी पाणी अचानक वाढले आणि माणसे पात्रात अडकली. अशा दुर्घटनांनंतर बंदी आदेश निघतात, फलक लागतात, पोलीस बंदोबस्त वाढतो. त्यांची गरज आहेच. मात्र मुळशी, पवना, ताम्हिणीतील प्रत्येक ओढ्याकाठी पोलीस उभा करता येणार नाही, हेही तितकेच खरे आहे.

म्हणून माझी विनंती अशी की, विसर्गाच्या बातमीत केवळ क्युसेक न देता नदीची पातळी किती वाढेल आणि कोणत्या घाटांवर व रस्त्यांवर पाणी येईल, हे सोप्या शब्दांत छापावे. दुसरे म्हणजे, प्रशासनाने मे महिन्यातच पर्यटकांसाठी, विशेषतः महाविद्यालयीन तरुणांसाठी, नदीकाठी अर्ध्या दिवसाचे वर्ग भरवावेत. शिकवणारे लांबून आणण्याची गरज नाही. पिढ्यानपिढ्या फेकजाळे आणि गळ घेऊन याच नद्यांत उतरणारे भोई बांधव आपल्याकडे आहेत; पुरात अडकलेल्यांना शोधायला आपण त्यांनाच हाक मारतो, मग त्यांचे ज्ञान आधीच, योग्य मानधन देऊन का घेऊ नये? कोलाडला कुंडलिकेवर, भिरा वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यात राफ्टिंग करणारे मार्गदर्शकही लाइफ जॅकेट आणि बचावाचा दोर रोज हाताळतात. या दोघांना एकत्र आणले, तर पवनेच्या काठी पहिला वर्ग येत्या पावसाळ्याआधीच सुरू करता येईल.

आपली विश्वासू,
एक वाचक, कोथरूड, पुणे